सड्यावरची घार

सातारा,
१२ डिसेंबर २०२४

आदरणीय भिडे सर,

वीरधवल शेलारचा कडक सॅल्यूट, आणि विनोदिनीवहिनींना वाकून नमस्कार.

आमच्या लेकीनं, संयोगितानं, ग्रुपवर तारीख टाकलीच आहे. पण सातारा आणि सांगलीच्या क्लबांचं आमंत्रण पहिल्या वर्षापासून पत्रानं जातं, आणि ही सवय तुम्हीच लावलीत, तेव्हा माझं अक्षर सोसा. रविवार, १६ फेब्रुवारी. जागा नेहमीची, डोंगरमाथ्याचं पठार, म्हसोबाचा सडा. वर गवत वाळून पिवळं झालंय, दरीतून वारा चढायला लागलाय आणि म्हसोबाला शेंदूर फासून झालाय. नियम तेच. मोटर-बिटर काही नाही. रबराच्या दोरीनं ग्लायडर वर सोडायचं, रिमोटवर फिरवायचं, आणि जो जास्त वेळ हवेत ठेवून चुन्याच्या वर्तुळाजवळ उतरवील तो मोठा. सांगलीकराचं घड्याळ सातारकर धरणार, सातारकराचं सांगलीकर, म्हणजे नंतर कुरबुर नको. जो क्लब हरेल त्यानं जिंकणाऱ्यांना पंगतीत वाढायचं, आणि पितळी तांब्या जिंकणाऱ्याच्या गावी जाणार.

आता पोटातलं बोलतो. गेल्या वर्षी आमच्या क्लबानं जन्मात पहिल्यांदा तांब्या जिंकला. तो माझ्या दिवाणखान्यात कपाटावर आहे आणि मला रोज वाकुल्या दाखवतो. सर, शेवटच्या फेरीत तुमचं पांढरं ग्लायडर आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर होतं. हवा चांगली, ऊन स्वच्छ, जिंकल्यातच जमा. आणि तुम्ही ते हळूहळू दरीकडं जाऊ दिलंत, जाऊ दिलंत, आणि पार दिसेनासं केलंत. तुम्ही! पोरांना शिकवताना ज्यांचं ग्लायडर कधी हाताबाहेर गेलं नाही ते तुम्ही!

त्या स्पर्धेच्या थोडं आधी माझी बायपास झाली तेव्हा पुण्याला दवाखान्यात भेटायला आला होतात. माझा हात धरून म्हणालात, "सुभेदार, तांब्या जिंकल्याशिवाय तुम्हाला कुठं जाऊ देणार नाही." ते वाक्य मी विसरलेलो नाही. तुम्ही मुद्दाम हरलात असं माझं मन म्हणतंय. नसेल तसं तर स्पष्ट लिहा, माझा जीव हलका होईल. असेल तर यंदा येऊन मला सरळ हरवा.

भाकरी, खरडा आणि आमटी तयार ठेवतो. वाढायला कोण आणि बसायला कोण ते त्या दिवशी बघू.

आपला,
वीरधवल शेलार


सांगली,
२२ डिसेंबर २०२४

प्रिय सुभेदार,

सप्रेम नमस्कार. अक्षर बघून दचकू नका. ग्लायडरसाठी बाल्साचं लाकूड कापताना अंगठ्याला ब्लेड लागलं, म्हणून मी सांगतोय आणि विनोदिनी लिहितेय. (अक्षर चांगलं आहे ना भाऊजी? वारशात मिळालेलं नाही, बत्तीस वर्षं फळ्यावर लिहून कमावलंय. — वि.)

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. सुभेदार, यंदा मी येत नाही. कंबरेनं दगा दिला आहे. सड्यावर गाडी जाते तिथून पुढची ती चढण मला झेपायची नाही. (गेल्या आठवड्यात हेच गणपतीच्या देवळापर्यंत चालत जाऊन आले, माझ्यापुढे दहा पावलं. — वि.) आमच्याकडून ऋषिराज येईल. तुम्ही त्याला ओळखता, विट्याचा, घरच्यांचं कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान आहे. त्यानं परदेशातून ग्लायडर मागवलंय, त्याच्या डब्यावरच मला बसायला जागा होईल एवढं मोठं, आणि तेवढंच महाग. मुलगा गुणी आहे. हवा ओळखायला अजून शिकतोय, पण शिकेल.

मी आता हे सगळं पुरे करावं म्हणतो. ड्रॉइंग शिकवून झालं, विमानं उडवून झाली. माणसानं वेळेत खाली उतरावं.

गेल्या वर्षीचं काय घेऊन बसलात? झालं ते झालं. तांब्या तुमच्याकडे शोभतो.

आपला,
सुमंत भिडे

(पेढे पाठवू नका, त्यांची साखर वाढली आहे. माझी नाही. — वि.)


सातारा,
३० डिसेंबर २०२४

आदरणीय भिडे सर,

पत्र पोचलं. वहिनींचं अक्षर मोत्यासारखं, पण आतला मजकूर गोट्यासारखा लागला.

मी एक साधा प्रश्न विचारला होता. मुद्दाम हरलात का? "नाही" एवढी दोन अक्षरं लिहायला वहिनींना किती वेळ लागला असता? तुम्ही लिहिलंत, झालं ते झालं. म्हणजे मी समजायचं ते समजलो.

सर, तुम्ही चांगल्या मनानं केलंत यात मला तिळभर शंका नाही. पण मी चोवीस वर्षं फौजेत काढली. आजारी माणसाला उसाचा रस द्यावा, उशी द्यावी, तांब्या देऊ नये. आमच्या क्लबातली पोरं त्या तांब्याबरोबर फोटो काढतात तेव्हा मी तोंड फिरवतो. संयोगिता परवा विचारत होती, "आबा, आपण जिंकलो त्याचं तुमाला काय दुखतंय?" तिला काय सांगू?

आणि कंबरेचं म्हणाल तर चढणीवर पालखी करून आणतो. धुळा आणि कोंडीबा, दोघंही पैलवान आहेत, वाट बघतायत कुणीतरी उचलायला मिळावं म्हणून.

माझं ठरलंय. तुम्ही आला नाहीत तर स्पर्धा होणार नाही. ऋषिराजला हरवून मला काय मिळणार? तो उद्या दुसरं ग्लायडर मागवील. तांब्या मी एस.टी.च्या पार्सलनं सांगलीला पाठवून देतो, आणि म्हसोबाच्या सड्यावर यंदा नुसती गुरं चरू देत. फोन केला तर तुम्ही कायम "बाहेर गेलेले" असता. आता या पत्राला तरी खरं उत्तर द्या.

रागावलेला पण आपलाच,
वीरधवल


सांगली,
८ जानेवारी २०२५

प्रिय सुभेदार,

सप्रेम नमस्कार. अंगठा अजून बरा नाही, म्हणून याही वेळी विनोदिनीच लिहिते आहे.

तुमचा राग कळला. स्पर्धा बंद करू नका. एवढी पोरं वर्षभर वाट बघतात, दोन म्हाताऱ्यांच्या रुसव्यापायी त्यांचा दिवस जाऊ नये. तुम्हाला खरंच ऐकायचं असेल तर ऐका. हो, मी मुद्दाम ग्लायडर सोडलं. तुम्ही इतके आजारी होतात, मला वाटलं तुम्हाला आनंद होईल. चूक झाली. क्षमा करा.

रबराच्या दोरीबद्दल एक सांगायचं आहे. यंदा ऋषिराज नवीन रबर

भाऊजी, वरचं सगळं खोटं आहे. ते समोर आरामखुर्चीत बसून रबराबद्दल सांगताहेत आणि मी हे लिहिते आहे. त्यांना वाटतंय मी रबराबद्दल लिहितेय. काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नाही, आणि तेच तुम्हाला सांगायचं आहे.

अंगठ्याला काही झालेलं नाही. कंबर माझ्यापेक्षा धड आहे. डोळे गेले आहेत. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे. मिरजेला दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घेतात. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकवू, गेलेलं परत येणार नाही. कडेकडेचं दिसतं, पण जिकडे सरळ बघावं तिथे नुसता धुरकट डाग. माझ्याकडे बघतात तेव्हा माझा चेहरा दिसत नाही, कानातल्या कुड्या दिसतात. म्हणून हल्ली घरातसुद्धा रोज कुड्या घालते.

गेल्या वर्षी त्यांनी तुम्हाला तांब्या दिला नाही हो. पांढरं ग्लायडर, पांढरं ऊन, त्यांना काही दिसेना. वर एक घार फिरत होती, तिलाच आपलं ग्लायडर समजून बसले. डावीकडे वळवलं, घार नेमकी डावीकडे वळली. उजवीकडे वळवलं, ती तशीच वळली. दोन-तीन मिनिटं या माणसानं घार चालवली भाऊजी, आणि त्यांचं ग्लायडर बिचारं एकटंच दरीत निघून गेलं. घरी येऊन मला सांगितलं तेव्हा आधी हसले आणि मग इतके रडले की मी पहिल्यांदाच बघितलं.

तुम्ही म्हणता मुद्दाम हरलात, ते त्यांना फार आवडलं. आंधळा म्हणण्यापेक्षा दानशूर म्हणवून घेणं बरं वाटतं त्यांना. पण त्यापायी तुमची मैत्री जात असेल तर मला गप्प बसवत नाही.

माळ्यावरचं दुसरं पांढरं ग्लायडर रोज हातानं चाचपतात. पंखावरून बोटं फिरवतात, धूळ पुसतात, परत ठेवतात. एकदा तरी त्यांना उडवू द्या. कसं ते मला कळत नाही, तुम्ही काढा काहीतरी युक्ती. पण कीव केलेली कळली तर परत कधी रिमोट हातात घ्यायचे नाहीत. ते रबर संपवत आलेत, थांबते.

तर असं आहे. रबराचं लक्षात ठेवा. संयोगिताला आशीर्वाद.

आपला,
सुमंत भिडे


सातारा,
१५ जानेवारी २०२५

वहिनी,

हे पहिलं पान फक्त तुमच्यासाठी. मोठ्यानं वाचू नका.

तुमचं पत्र मी शेतात बांधावर बसून वाचलं. ऊसतोड चालू होती, माणसं हाका मारत होती, मला काही ऐकू आलं नाही. लय वाईट वाटलं वहिनी. मी त्या माणसाला लिहिलं, तांब्या देऊ नये म्हणून. माझी जीभ झडली पाहिजे.

पण एक सांगतो. मी तोफखान्यात होतो. तोफ चालवणाऱ्याला निशाण कधी दिसत नसतं. तोफा डोंगराच्या मागं, निशाण डोंगराच्या पुढं. वर टेकडीवर एक जण दुर्बीण घेऊन बसतो आणि वायरलेसवर सांगतो, इतकं डावीकडं, इतकं लांब, आता बरोबर. तो वर बसणारा मी. अख्खी नोकरी न दिसणाऱ्याला दाखवण्यात गेली माझी. तेव्हा सरांचं ग्लायडर कसं उडवायचं याची तुम्ही काळजी सोडा. कीव कुणाला कळणार नाही, कारण नियम सगळ्यांना एकच करतो. आता पान उलटा आणि इथून वाचा.

आदरणीय भिडे सर,

खरं लिहिलंत, बरं वाटलं. क्षमा वगैरे मागू नका, मला लाजवू नका. तुम्ही मुद्दाम हरलात ते माफ, पण एका अटीवर. यंदा येऊन भरपाई करायची. तुम्ही आलात तर स्पर्धा होणार.

आणखी एक. आमच्या क्लबात यंदा नवी पोरं खूप झालीत. आभाळात एका वेळी चार-पाच ग्लायडर, कोण कुणाचं बघतंय पत्ता नसतो, गेल्या महिन्यात दोन एकमेकांवर आदळली. म्हणून कमिटीनं, म्हणजे मी आणि संयोगितानं, नवा नियम केलाय. घड्याळ धरणाऱ्यानं नुसतं घड्याळ धरून उभं राहायचं नाही. तोंडानं सारखं सांगत राहायचं, ग्लायडर कुठं आहे, कुठं वळतंय, नाक वर आहे का खाली, घारी कुठं फिरतायत. लहान-मोठा, नवा-जुना, सगळ्यांना सक्ती. नियमाचं नाव "बोलतं घड्याळ".

तुमचं घड्याळ मी धरणार. तांब्या पार्सलमधून परत काढलाय.

आपला,
वीरधवल


सांगली,
२५ जानेवारी २०२५

प्रिय सुभेदार,

बोलतं घड्याळ हा नियम कुणाच्या डोक्यातून निघाला? तुमच्या असेल तर आश्चर्य आहे, कारण आतापर्यंत तुम्ही घड्याळ धरून उभे राहिलात की शेजारच्याला उसाचा दर सांगत असायचात.

ठीक आहे. येतो. एकच फेरी उडवीन, सगळ्यात शेवटी. ऋषिराज गाडीतून आणेल. पालखीची गरज नाही, धुळा आणि कोंडीबाला दुसरं कुणी बघायला सांगा.

ग्लायडरच्या पंखांना खालून काळा कागद चढवला आहे. पांढरा फार मळतो. (हो, पांढरा मळतो म्हणून त्यांनी काळा लावला. मीही तेच समजते आहे. — वि.)

सराव चालू आहे. (मी गच्चीवर ग्लायडर डोक्यावर धरून चालते आणि ओरडते, डावीकडे, आता सरळ, आता नाक खाली. ते खुर्चीत बसून रिमोट फिरवतात. शेजारच्या तानुबाई दोन दिवस बघत होत्या. तिसऱ्या दिवशी विचारलं, "आवं बाई, ह्यो कसला उपास म्हनायचा?" मी सांगितलं, सौभाग्याचा आहे. — वि.)

आपला,
सुमंत भिडे


सातारा,
२० फेब्रुवारी २०२५

सौ. विनोदिनीवहिनींस नमस्कार,

ऐन वेळी गुडघा दुखावला म्हणून तुम्ही आला नाहीत. सरांनी घरी काय काय सांगितलं ते माहीत नाही. माझी फजिती मात्र मीच सांगतो, दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावायच्या आत. हे पत्र सगळंच्या सगळं मोठ्यानं वाचा. आता लपवायचं काही राहिलेलं नाही.

दुपारपर्यंत संयोगितानं आम्हाला पुढं नेलं. ऋषिराजचं सोन्याच्या मोलाचं ग्लायडर करवंदीच्या जाळीत घुसलं, आणि ते काढताना त्याच्या नव्या शर्टाची चाळण झाली. शेवटची फेरी सरांची. सांगलीला जिंकायचं तर सरांनी दिवसातली सगळ्यात लांब फेरी करायला हवी होती. म्हणजे बघा वहिनी, मी ज्याचं घड्याळ धरलं तो जिंकला तर तांब्या माझ्या घरातून जाणार. संयोगिता कानात म्हणाली, "आबा, जरा कमीच बोला." मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

धुळानं रबर ताणून सोडलं. ग्लायडर सुरेख वर गेलं. सरांच्या डाव्या खांद्याशी उभं राहून मी सुरू झालो. डावीकडं जरा. बास. आता सरळ. नाक वर आलंय, दाबा. म्हसोबाच्या डोक्यावर आलंय, तिथं हवा उचलतीय, उजवीकडं गोल घ्या. सरांचे अंगठे असे फिरत होते की मला माझी टेकडी आठवली. वायरलेसवर पलीकडून कुणीतरी माझं प्रत्येक अक्षर ऐकतंय, तसं वाटलं. काळजात गलबलून आलं खरं सांगायचं तर.

आणि तिथंच माझा घात झाला. डोळ्यांत पाणी आलं, मी बाहीनं पुसलं, वर बघितलं, ग्लायडर होतंच. काळं पोट, लांब पंख, झकास गोल फिरतंय. मी सांगत राहिलो. उजवीकडं, उजवीकडं, आता सोडा. सर बरोबर तसंच करत होते. जमलेली सगळी माणसं वर बघत होती. मी म्हटलं, वा, काय चढतंय बघा.

आणि ग्लायडरनं पंख हलवले.

वहिनी, मी घार चालवत होतो. माझे डोळे शाबूत, चष्मासुद्धा फक्त वाचायचा, आणि मी चांगलं मिनिटभर घार चालवली.

मी ओरडलो, "सर, थांबा! ही घार हाय!" सगळ्यांच्या माना आभाळभर फिरल्या. खरं ग्लायडर कुठं गेलं कुणालाच दिसेना. आमचा कोंडीबा मागून म्हणाला, "सुभेदार, तांब्यासाठी व्हय ओ?" कोण हसलं नाही. ऋषिराज माझ्याकडं बघत होता, आणि माझी पोर, माझी संयोगिता, तिनंही मान खाली घातली. इतकी वर्षं या माणसांबरोबर काढली, आणि त्यांना वाटलं मी तांब्यापायी खोटं सांगून सरांचं ग्लायडर दरीत घालवलं.

तेव्हा सरांनी रिमोट एका हातात घेतला, दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि खणखणीत आवाजात, वर्गात बोलावं तसं, सगळ्यांना सांगितलं. म्हणाले, "कोणी काही बोलू नका. सुभेदारांनी चूक केली, लबाडी नाही. मला ती चूक माहीत आहे, कारण गेल्या वर्षी मी तीच केली. माझ्या डोळ्यांना समोरचं दिसत नाही. दीड वर्ष झालं. मी लपवलं. गेल्या वर्षी मीही घारच चालवली, म्हणून तुम्ही जिंकलात."

मला वाटलं, जमीन दुभंगून आत घेईल तर बरं. दीड वर्ष ज्या माणसानं ही गोष्ट दडवली त्यानं ती शे-दीडशे माणसांसमोर उघडी केली, माझं नाव राहावं म्हणून. संयोगिता रडायला लागली. कोंडीबानं येऊन सरांचे पाय धरले, मग माझे धरले, मग त्याला सुचेना म्हणून म्हसोबाचे धरले.

आणि सर काय करत होते? मान वाकडी करून भलतीकडंच, गाड्या उभ्या होत्या तिकडं बघत होते. म्हणाले, "त्या बाभळीच्या वर डाव्या अंगाला काहीतरी काळं फिरतंय का हो? मला कडेनं दिसतंय." आम्ही सगळ्यांनी वळून बघितलं. होतं! आमचं ग्लायडर, कुणाचा हात नसताना, आपलं आपण गोल गोल घेत, घारीपेक्षाही वर चढलं होतं. संयोगिता डोळे पुसत म्हणाली, "तुमी दोघं गप बसला म्हनून वर गेलं की ते!" तेव्हा कुठं सडा हसला.

मग मी परत बोलायला लागलो, या वेळी पंखांवरची नजर न काढता. उतरलं ते वर्तुळाच्या बरंच बाहेर, बाभळीखाली, पण तोवर वेळेत सगळ्यांना मागं टाकलं होतं. तांब्या सांगलीला आला, तो तुम्ही बघितलाच असेल. मी स्वतः सरांना भाकरी वाढली आणि आमटी दोनदा घ्यायला लावली. साखरेचं बोलू नका, पेढा फक्त एक दिला.

गेल्या वर्षीचा तांब्या आम्हाला घारीनं दिला, यंदाचा तुम्हाला घारीनं दिला. हिशेब फिटला. आता माझं मन साफ आहे.

मुलांनी एक ठराव केला. "बोलतं घड्याळ" कायमचं राहणार. कोंडीबानं सुचवलं, म्हणजे बघा.

आपला दीर,
वीरधवल


सांगली,
२ मार्च २०२५

प्रिय सुभेदार,

हे मी स्वतः लिहितोय. मुलांच्या जाड स्केचपेननं, एका पानावर चारच ओळी बसतात. ओळी डोंगर चढत असतील, तुम्ही सातारचे आहात, चढाल. विनोदिनी मिरजेला बहिणीकडे गेली आहे. पाकिटावर पत्ता ऋषिराज घालेल.

तुमचं पत्र तिनं मला तीनदा वाचून दाखवलं. "पंख हलवले" इथे हसता हसता ठसका लागून तिला तिन्ही वेळा पाणी आणून द्यावं लागलं.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे.

जानेवारीत मी रबराच्या दोरीबद्दल सांगत होतो. दोन वाक्यं सांगितली आणि थांबलो. पेन थांबलं नाही. कागदावर कुरकुर चालूच होती, आणि अधूनमधून ती नाक ओढत होती. मला कळलं ती काय लिहितेय. म्हणून मी रबरावर बोलत राहिलो. रबर कुठून आणलं, किती ताणतं, उन्हानं कसं कडक होतं, सगळं. मला रबराबद्दल एवढं काही माहीत नाही सुभेदार. तिचं संपेपर्यंत सुचेल ते बोललो. पेन थांबलं तेव्हा मी थांबलो.

तुमचं उत्तर आलं तेव्हाही, तिनं वाचायला सुरुवात करायच्या आधी एक पान उलटल्याचा आवाज झाला. मी खुर्चीत मागे टेकून ऐकायला बसलो.

मला सांगायची हिंमत नव्हती. पुढेही मी तुमच्याशी, क्लबाशी, सगळ्यांशी खोटं बोलत राहिलो असतो आणि घरी बसून मेलो असतो. तिनं माझ्या तोंडावर, माझ्याच पत्रात, मला न विचारता खरं लिहिलं म्हणून मी सड्यावर आलो. आता आभाळ गेलं तरी मला त्याची भीती वाटत नाही, तुम्ही सांगाल ते मला दिसतं. आणि तिच्या कुड्या दिसतात.

मला कळलं होतं हे तिला सांगू नका. हात चालतो माझा, हे पत्र त्याचा पुरावा आहे, पण यापुढेही पत्रं मी तिच्याकडूनच लिहून घेणार. मी न सांगितलेलं लिहायला तिला मोकळं वाटलं पाहिजे.

तुमचा,
सुमंत